काँक्रीटमधलं सीझियम काढताय? या चुका टाळा

अणुभट्ट्या आणि पुनर्प्रक्रिया प्रकल्पांच्या इमारतींमधलं किरणोत्सारी दूषण कसं काढायचं, या विषयावरचे पीएचडीचे प्रबंध मी बरीच वर्षं तपासतो आहे. रसायनं दर वेळी नवी असतात, चुका मात्र त्याच. किरणोत्सार धुऊन नाहीसा होत नाही, हे विसरलं की यातल्या बहुतेक चुका होतात. सीझियम-१३७ या किरणोत्सारी मूलद्रव्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ३० वर्षांचं आहे. तुमचं जेल, आम्ल किंवा लेसर त्याची फक्त जागा बदलतं. म्हणून प्रत्येक प्रबंधाच्या समासात मी एकच प्रश्न लिहितो, ‘निघालं ते गेलं कुठे?’

ओल्या नमुन्यावर मोजणी

माझ्या एका विद्यार्थ्याने तळहाताएवढ्या काँक्रीटच्या लादीवर जेल लावून पाहिलं. शुक्रवारी संध्याकाळी जेल पुसून लगेच पॅनकेक जीएम काउंटर (मुख्यतः पृष्ठभागावरून येणारे बीटा कण मोजणारं चपटं उपकरण) धरला, तर चार हजारांचे काउंट चारशेच्या खाली आलेले. डीकॉन फॅक्टर, म्हणजे आधीची पातळी भागिले नंतरची पातळी, दहाच्या वर. त्याच रात्री त्याने परिषदेसाठी सारांशही लिहून काढला. सोमवारी मी लादी पुन्हा मोजायला लावली. काउंट निम्म्याहून वर चढले होते.

तीच लादी गॅमा स्पेक्ट्रोमीटरवर ठेवली, कारण गॅमा किरण लादीच्या आतूनही बाहेर येतात. सीझियम-१३७ ची खूण असलेलं ६६२ केईव्हीचं (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट) शिखर मूळच्यापेक्षा जेमतेम पाचवा हिस्सा कमी होतं. पुसलेलं जेल आणि कापड मोजलं, तर त्यातही तेवढंच सीझियम मिळालं. बाकी सगळं लादीतच होतं. जेलमधल्या पाण्याने ते छिद्रांतून आत ढकललं होतं आणि वर ओलावा शिल्लक होता. सीझियम-१३७ चे बहुतेक बीटा कण पाण्यात दोन मिलिमीटरच्या आत थांबतात, काँक्रीटमध्ये तर एका मिलिमीटरच्याही आत. काउंटरला ते दिसणार कसे? लादी वाळताना पाणी पृष्ठभागाकडे परतलं आणि जाताना सीझियमचा काही भाग सोबत घेऊन आलं. अल्फा मोजत असाल तर आणखी सावध राहा. केसाच्या जाडीचं पाणीसुद्धा अल्फा पूर्ण अडवतं.

माझी सवय सांगतो. लादी वजन स्थिर होईपर्यंत वाळवायची, मगच मोजायची. आठवड्याने पुन्हा मोजायची. बीटा आणि गॅमा दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहायचे. बीटा खूप उतरला आणि गॅमा तिथेच राहिला, तर सफाई झालेली नाही, दूषण खोल गेलं आहे. याने एकेका प्रयोगाला तीन आठवडे लागतात. लागू देत. ज्यांना शुक्रवारीच आकडा हवा असतो, त्यांचे प्रबंध मी परत पाठवतो.

बनावट दूषण, तेही नको तेवढं

या चुकीचा मला सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण ती दिसायला निरुपद्रवी असते. किरणोत्सारी पदार्थ हाताळायची परवानगी मिळायला वेळ लागतो. म्हणून विद्यार्थी साध्या, अकिरणोत्सारी सीझियम क्लोराइडचं ०.१ मोलर द्रावण करतात, लादीवर थेंब टाकतात आणि दुसऱ्या दिवशी धुतात. ९० टक्के निघून येतं. सगळे खूश.

आता हिशेब करा. एक मेगाबेकरेल (सेकंदाला दहा लाख विघटनं) सीझियम-१३७ चं वस्तुमान भरतं सुमारे ०.३ मायक्रोग्रॅम. त्या द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये सीझियम आहे १३ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस हजारपटींहून अधिक. खडी-वाळूतल्या अभ्रकाच्या आणि चिकणमातीच्या खनिजांच्या थरांना उसवलेल्या कडा असतात. त्या कडांवर सीझियम असं अडकतं की साध्या धुण्याने हलत नाही. पण अशा जागा मोजक्याच. त्या पहिल्या फटक्यात भरून जातात आणि उरलेलं सगळं सीझियम सैल बसतं. तेच तुम्ही धुऊन काढलंत. खऱ्या इमारतीतलं दूषण इतकं विरळ असतं की त्याला त्या घट्ट जागा पुरून उरतात, शिवाय मुरायला कित्येक वर्षं मिळालेली असतात.

त्यामुळे खऱ्या ट्रेसरला, म्हणजे माग काढण्यापुरत्या किरणोत्सारी सीझियमला, पर्याय नाही. परवानगीचा अर्ज पहिल्याच महिन्यात टाका. तोवर अकिरणोत्सारी सीझियमच वापरायचं असेल, तर नॅनोमोलर (मोलरच्या अब्जांश) पातळीवर वापरा आणि आयसीपी-एमएसने, म्हणजे अतिसूक्ष्म प्रमाण मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरने, मोजा. नमुने निदान काही महिने मुरू द्या. मी पहिल्या वर्षीच्या लाद्या तिसऱ्या वर्षासाठी राखून ठेवतो.

बाकीच्या, थोडक्यात

स्वाइपवरून डीकॉन फॅक्टर काढू नका. १०० चौरस सेंटिमीटर पुसून कापडावर येतं ते सुटं दूषण. घट्ट बसलेल्याबद्दल स्वाइप काहीच सांगत नाही.

१०० काउंटवर मोजणी थांबवलीत तर १० टक्के अनिश्चितता आहे. १२ टक्क्यांची सुधारणा त्यावर उभी राहत नाही.

काँक्रीटवर आम्ल ओतलं की ते आधी सिमेंटमधला चुना खातं. तुम्हाला मिळतो कॅल्शियमने भरलेला गाळ.

दुकानातून आणलेली चकचकीत स्टेनलेस स्टीलची पट्टी अणुभट्टीच्या नळीची जागा घेऊ शकत नाही. दाबयुक्त पाण्याच्या अणुभट्टीत स्टीलवर क्रोमियमने समृद्ध ऑक्साइडचा थर चढतो आणि कोबाल्ट-६० त्यातच बसतं. आधी परमँगनेटने क्रोमियमचं ऑक्सिडीकरण, मग ऑक्झॅलिक आम्ल, हा क्रम त्यासाठीच आहे. पट्टीवर आधी तो थर चढवा.

आणि निघालेल्या कचऱ्याचं प्रकरण शेवटच्या आठवड्यात लिहू नका. ब्राझीलमधल्या गोयानियात १९८७ साली फुटलेल्या स्रोतात सीझियम क्लोराइड होतं ९३ ग्रॅम. सफाईतून कचरा निघाला सुमारे ३,५०० घनमीटर. तो अणुप्रकल्प नव्हता, वैद्यकीय उपकरणातला स्रोत होता, पण प्रमाण लक्षात घ्या. ईडीटीएसारखी रसायनं धातूंना विरघळवून धरतात आणि कचऱ्यात गेल्यावरही धरूनच ठेवतात, म्हणजे पुढे भूजलात वाहून जायची सोय होते. माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत प्रत्येक प्रयोगाखाली तीन रकाने असतात: लादीत किती, द्रवात किती, कापड-हातमोजे-भांड्यांत किती. तिन्हींची बेरीज सुरुवातीच्या बेकरेलशी जुळली नाही, तर पुढची लादी कपाटातून काढायची नाही.