मराठी पुस्तक स्वतः सेट करताय? मग या चुका टाळा

दिवाळी अंकांचा सीझन जवळ आला की छपाईसाठी पानं लावून द्यायला माझ्याकडे फायली यायला लागतात. अंक, कवितासंग्रह, कुणाच्या आजोबांच्या आठवणी, एखाद्या गावाचा इतिहास. लेखक वेगळे, विषय वेगळे, चुका मात्र त्याच. फाईल उघडायच्या आधी मी सांगू शकतो आत काय असेल ते. लोक आळशी असतात म्हणून हे होतं असं मला वाटत नाही, बहुतेक चुका या आधीच्या मशीनची सवय पुढच्या मशीनवर नेल्यामुळे होतात. टाइपरायटरची सवय वर्डमध्ये, पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरची त्याच कामाच्या नव्या इनडिझाइनमध्ये, जुन्या फॉन्टची युनिकोडमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणारी पद्धत). म्हणून ती सवय मुळात आली कुठून तेही सांगणार आहे, ते कळलं की हात आपोआप थांबतो.

स्पेसबार आणि एंटर

प्रकरणाचं नाव मध्यभागी आणायला अठरा-वीस स्पेस, नवीन पान हवं म्हणून पान संपेपर्यंत एंटर, परिच्छेदाच्या सुरुवातीला पाच स्पेस. टाइपरायटरवर हे बरोबरच होतं कारण तिथे दुसरा उपायच नव्हता, कागद आणि गाडा हलवणं एवढंच हातात होतं. पण वर्डमध्ये असं केलेलं पुस्तक ए-फोर वरून डेमी या लहान पुस्तकी साईजला आणलं की सगळं कोसळतं, प्रकरणाचं नाव अर्धं खालच्या ओळीत, कोरी पानं भलत्याच ठिकाणी. मग मला फोन येतो की तुमच्याकडे फाईल बिघडली. फाईल बिघडलेली नसते, ती पहिल्यापासून तशीच असते, फक्त ए-फोरवर दिसत नव्हतं.

आणि हे टाळायची सोय काही काल-परवाची नाहीये. १९६४ मध्ये एमआयटीत जेरोम साल्टझरने रनऑफ नावाचा प्रोग्राम लिहिला, त्यात ओळीच्या सुरुवातीला टिंब देऊन सेंटर असं लिहिलं की पुढची ओळ मध्यभागी यायची, स्पेस मोजत बसायचं काम मशीनचं. त्याच्याच वंशातला ट्रॉफ बेल लॅब्जमध्ये ज्यो ओसानाने १९७३ च्या सुमारास फोटोटाइपसेटरसाठी, म्हणजे प्रकाशाने फिल्मवर अक्षरं उमटवणाऱ्या मशीनसाठी, केला. मग १९८० मध्ये ब्रायन रीडचा स्क्राइब आला, त्यात लेखकाने फक्त हे प्रकरण, हा उतारा, ही यादी एवढंच सांगायचं आणि दिसणार कसं ते दुसरीकडे एकदाच ठरवायचं. १९८३ च्या डॉसवरच्या पहिल्या वर्डमध्येसुद्धा स्टाइलशीट, म्हणजे दिसणं असं एकदाच ठरवायची सोय, होती. म्हणजे चाळीस वर्षं ती सोय समोर आहे आणि लोक अजून स्पेसबार दाबतायत, याचा मला खरंच त्रास होतो.

माझी पद्धत साधी आहे. फाईल आली की पहिल्यांदा परिच्छेदाची चिन्हं दिसतील असं बटण चालू करायचं, स्पेसचे ठिपके आणि एंटरची खूण दिसायला लागली की अर्धी कहाणी कळते. मग दोन स्पेसची एक, दोन पॅराग्राफ मार्कचा एक, हे शोधा-बदला करत राहायचं जोवर काही सापडत नाही तोवर. (कवितेच्या फाईलीत हे अजिबात करू नका, तिथे मोकळी ओळ म्हणजे कडवं संपलं, ती उडाली तर कवी तुम्हाला माफ करणार नाही आणि त्याचं बरोबरच असेल.) नंतर फक्त तीन स्टाइल: मजकूर, प्रकरण, उतारा. चौथी लागली तर मी आधी विचारतो की खरंच लागते का. एवढं केलं की अनुक्रमणिका मशीन स्वतः करतं. हाताने टाइप केलेली अनुक्रमणिका मी परत पाठवतो.

जुन्या फॉन्टची फाईल कन्व्हर्टरमध्ये टाकून मोकळं होणं

यावर मी जास्त बोलणार आहे कारण याने झालेलं नुकसान मी जवळून बघितलंय.

आधी मागचं थोडं. पेजमेकर १९८५ मध्ये अल्डस कंपनीने आणला, त्याच वर्षी पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा समजणारा लेझररायटर प्रिंटर आला आणि टेबलावर बसून पान लावायचा धंदा सुरू झाला. आपल्याकडे तो रुजला तेव्हा अडचण अशी की फॉन्टमध्ये जागा २५६, आणि देवनागरीला अर्धी अक्षरं, रफार, वेलांट्या, जोडाक्षरं धरून त्याहून कितीतरी जास्त लागतात. मग आपल्या कंपन्यांनी अक्षरांचे तुकडे केले आणि ते इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर बसवले. श्रीलिपी, आकृती, सीडॅकची आयएसएम, प्रत्येकाची मांडणी वेगळी. त्या काळात त्यांनी हे करून दाखवलं म्हणून हजारो मराठी पुस्तकं निघाली, त्या लोकांबद्दल मला आदरच आहे. पण त्याचा अर्थ असा की त्या फाईलीत मराठी नाहीच. आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आहेत, फॉन्ट ती मराठीसारखी दाखवतो. युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत, १९९१ मध्ये, देवनागरी होती, पण पेजमेकर २००१ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत येऊन थांबला आणि युनिकोड देवनागरी त्याला कधी जमलीच नाही. त्यामुळे एका पिढीची पुस्तकं त्या फायलींत अडकून आहेत.

आता किस्सा. शेतकरी चळवळीवरचं एक जुनं पुस्तक, नवी आवृत्ती काढायची होती, प्रकाशन समारंभाची तारीख ठरलेली. ऑपरेटर नवा, हुशार पण घाईतला. त्याने अख्खी फाईल साधा मजकूर म्हणून एका ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये टाकली. पहिला फटका संदर्भसूचीला बसला. तिथे इंग्रजी पुस्तकांची नावं होती, कन्व्हर्टरला काय माहीत कुठलं अक्षर खरं इंग्रजी आणि कुठलं मराठीचा तुकडा, त्याने सगळ्याची देवनागरी करून टाकली. ते पानभर दिसत होतं म्हणून लगेच सापडलं. खरी गडबड ऱ्याची झाली. कन्व्हर्टरने चंद्रकोरीसारखा दिसणारा तो अर्धा र ओळखलाच नाही आणि सगळीकडे रफार दिला. शेतकऱ्यांचा झाला शेतकर्यांचा, दुसऱ्याचा दुसर्या, गुऱ्हाळाचं गुर्हाळ. मुद्रितशोधक बाईंनी पहिल्या प्रुफात पानोपानी खुणा केल्या. एवढ्या खुणा बघून ऑपरेटरने विचार केला की एकेक कशाला, आणि र्य च्या जागी ऱ्य असं रिप्लेस ऑल मारलं.

शेतकरी सगळे सुधारले. पण त्याच पुस्तकात कार्यकर्ते होते, पानापानावर, ते झाले काऱ्यकर्ते. पर्याय, मर्यादा, कार्यालय, सूर्य, आचार्य, सगळ्यांचा तोच हाल. दुसरं प्रूफ बाईंकडे गेलंच नाही कारण वेळ नव्हता, पहिल्या प्रुफातल्या खुणा झाल्या म्हणजे झालं असं ठरवलं गेलं. बाइंडरकडे घडी घातलेला फर्मा (एका मोठ्या कागदावर एकदम छापलेली सोळा पानं) लेखकाने सहज हातात घेतला तेव्हा कळलं. छापलेले फर्मे रद्दीत गेले, समारंभ पुढे ढकलावा लागला, आणि त्या वयाच्या माणसाचा चेहरा मी पाहिलाय म्हणून हे इतकं तळमळीने लिहितोय.

त्यानंतर फाईल माझ्याकडे आली. उलटं रिप्लेस करून हे सुटत नाही हे आधी लक्षात घ्या, कारण एकदा सगळं ऱ्य झालं की मुळात कुठलं काय होतं ही माहितीच पुसली गेलेली असते. मूळ फाईलीवरूनच परत सुरुवात करावी लागते, आणि म्हणून मूळ फाईलला मी कधी हात लावत नाही, पहिली कॉपी करतो आणि मूळ फाईल रीड ओन्ली करून ठेवतो. मग इंग्रजी मजकूर वेगळा काढायचा, फक्त मराठी फॉन्टमधला तेवढाच कन्व्हर्ट करायचा. मग ज्या शब्दांत र्य किंवा र्ह आहे त्यांची यादी काढायची, प्रत्येक शब्द एकदाच. जाडजूड पुस्तकातही ही यादी वाटते तेवढी मोठी होत नाही कारण शब्द तेच तेच येतात. यादी डोळ्याने वाचायची, चुकीचे निवडायचे आणि पूर्ण शब्द बदलायचा, तुकडा नाही. तरीही काही शब्द असे आहेत की वाक्य वाचल्याशिवाय इलाज नाही. दर्या आणि दऱ्या दोन्ही बरोबर, कोकणावरच्या पुस्तकात तर दोन्ही एकाच पानावर सापडतील. आचाऱ्याला बोलावलं की आचार्याला, हे कुठलंही सॉफ्टवेअर यादी बघून सांगणार नाही. इथे शॉर्टकट नाहीच, आणि ज्याला वाचायचा कंटाळा आहे त्याने पुस्तकाच्या कामात पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

अजून एक, हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर, दुसरा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त. दिसायला डिट्टो सारखे, पण शोधताना एक टाइप केला तर दुसरा सापडत नाही आणि सूचीमध्ये तोच शब्द दोनदा येतो. मी टिंबवाला ऱ वापरतो, तो न दिसणारा कॅरेक्टर कॉपी-पेस्टमध्ये कधी गळून पडतो कळत नाही. अॅ चंही तसंच, आधी अ वर चंद्र देऊन लिहायचे, स्वतंत्र ॲ युनिकोडमध्ये २००८ ला आला, जुन्या-नव्या फायली एकत्र केल्या की दोन्ही असतात. एकच ठरवा.

बाकीच्या, पटापट

ल आणि श. पाकळीवाला ल आणि देठवाला श हे आपले, २००९ च्या शासन निर्णयातही तेच सांगितलंय. बऱ्याच फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात पण भाषा मराठी आहे हे सांगितलं तरच मराठी रूप येतं. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ स्टाइलला भाषा मराठी द्या. किंवा यशोमुद्रा, टिरो देवनागरी मराठी असे मराठी डोळ्यासमोर ठेवून केलेले फॉन्ट घ्या.

इनडिझाइनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर येतेय, जोडाक्षरं फुटतायत? फॉन्ट बदलत बसू नका. कंपोझर, म्हणजे ओळी रचणारी सेटिंग, वर्ल्ड-रेडी करा. सीएस६ पासून, म्हणजे २०१२ पासून, ही सोय आहे.

तिरपं देवनागरी नको. बहुतेक फॉन्टमध्ये खरं तिरपं नसतंच, सॉफ्टवेअर अक्षर ढकलून तिरकं करतं. बोल्डचंही बघा, फॉन्टचं खरं बोल्ड वजन इन्स्टॉल आहे का.

व्हॉट्सअॅपवरून आलेला मजकूर नेहमी साधा मजकूर म्हणून पेस्ट करा, आणि बोल्डसाठी टाकलेले तारे काढा.

पानांची संख्या फर्म्यात बसवा, सोळाच्या पटीत. १६२ पानांचं पुस्तक प्रेसवाल्याकडे नेलं की तो काय म्हणतो ते ऐकवत नाही.

दोन्ही बाजू सरळ हव्यात म्हणून वर्डमध्ये जस्टिफाय केलं आणि शब्दांमध्ये खिंडारं पडली, ही तक्रार रोजची. वर्ड एकेक ओळ भरत जातो, पुढे काय येणार ते बघत नाही, आणि मराठीत प्रत्यय चिकटून शब्द लांब होतात. डोनाल्ड नुथ आणि मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये पूर्ण परिच्छेद एकदम बघून ओळी कुठे तोडायच्या याची रीत मांडली, टेक हे नुथचं पानं लावायचं सॉफ्टवेअर तसंच करतं, इनडिझाइनचा पॅराग्राफ कंपोझरही त्याच विचाराचा. वर्डमध्येच काम करायचं असेल तर अरुंद कॉलमला जस्टिफाय करू नका, डावीकडे सरळ ठेवा, छान दिसतं.

लाटेकवाल्यांसाठी

नुथने १९७७ मध्ये स्वतःच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं बघितली, फोटोटाइपसेटिंगची ती अक्षरं त्याला पसंत पडली नाहीत, म्हणून त्याने टेक लिहायला घेतलं. त्यावर लेस्ली लॅम्पोर्टने वापरायला सोपं असं लाटेक उभारलं. एवढ्या काळजीतून आलेली गोष्ट आहे ही, आणि लोक पहिल्या दिवशी कुठून तरी ऐंशी ओळींचा प्रीअँबल, म्हणजे फाईलीच्या सुरुवातीच्या सूचना, उचलतात, त्यातली एकही ओळ वाचत नाहीत, आणि एरर आला की लाटेक वाईट. त्यात देवनागरीसाठी म्हणून जे सापडतं ते बऱ्याचदा १९९१ च्या वेल्टहाउसच्या पॅकेजचं असतं, रोमनमध्ये टाइप करून आधी प्रीप्रोसेसर या वेगळ्या प्रोग्राममधून काढायचं. त्या काळात ते वरदान होतं. आता २००४ पासून जोनाथन क्यूचं झीटेक हे टेकचं नवं रूप आहे, थेट युनिकोड देवनागरी टाइप करा, फॉन्टस्पेक पॅकेज घ्या, फॉन्टला लिपी देवनागरी आणि भाषा मराठी द्या. पीडीएफलाटेक या जुन्या इंजिनवर देवनागरीचा हट्ट सोडा. प्रीअँबल रिकाम्यापासून सुरू करा आणि गरज पडेल तशी एकेक ओळ घाला, दोन ओळी एकदम नाही.

एरर सापडत नसेल तर अर्धी फाईल काढून चालवा. चालली तर दोष काढलेल्या अर्ध्यात, नाही तर उरलेल्यात. असं करत गेलं की थोड्याच फेऱ्यांत ओळ सापडते. तीनशे पानांची फाईल मला पाठवून बघा ना काय झालंय असं म्हणू नका. आणि ओव्हरफुल बॉक्सची वॉर्निंग वाचा, ती ओळ समासात घुसलेली असते, वाचकाला दिसते. मराठीचे हायफनेशनचे, म्हणजे ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा याचे, नमुने टेकमध्ये आहेत, ते लोड झालेत का बघा.

काम संपल्यावर

फक्त पीडीएफ ठेवून बाकी डिलीट करणं ही शेवटची चूक आणि महागडी. पीडीएफमधून मराठी कॉपी करून बघा, वेलांट्या आणि रफार कुठल्या कुठे जातात, त्यातून दुसरी आवृत्ती होत नाही. पेजमेकरच्या फायली इनडिझाइन सीएस६ पर्यंत उघडायच्या, नंतरच्या सीसी (क्रिएटिव्ह क्लाउड) आवृत्त्यांमध्ये तेही बंद झालं, त्यामुळे ज्यांच्याकडे अशा फायली आहेत त्यांनी जुनी मशीन चालू आहे तोवर काम उरकून घ्या. मी प्रत्येक पुस्तकाचं एक फोल्डर ठेवतो: लेखकाची मूळ फाईल, सेट केलेली फाईल, छपाईची पीडीएफ, चित्रं, वापरलेले फॉन्ट, आणि शेवटच्या प्रुफानंतरचा नुसता मजकूर साध्या युनिकोड टेक्स्ट फाईलीत. टेक्स्ट फाईलीच्या नावात आवृत्ती आणि वर्ष घाला, फायनल-फायनल-नवीन असं नाही.