जुनं फर्निचर आणायला निघताना: आधी सुट्या भागांची पिशवी

टेप, टॉर्च, सुटे पैसे, पाणी, चार्ज केलेला फोन. हे सांगायला लागू नये. सांगायचं आहे ते पिशव्यांबद्दल. तोंड बंद होणाऱ्या छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या, दहा तरी, एक जाड मार्कर आणि कागदी चिकटपट्टीचा एक रोल. मागच्या वेळी नेमकं हेच राहिलं आणि पलंग आला तो बोल्टांशिवाय, म्हणून सुट्या भागांचा विषय या यादीत पुन्हा पुन्हा येईल.

जुन्या फर्निचरचा हरवलेला भाग नव्या दुकानात मिळेलच असं नाही, आणि मिळाला तरी बसेलच असं नाही. जुन्या ब्रिटिश बनावटीच्या बोल्टांना बहुतेकदा व्हिटवर्थ आटे असतात. इंग्लिश अभियंता जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये मांडलेल्या या मापात आट्याचा कोन 55 अंश आहे, आजच्या मेट्रिक बोल्टचा 60. साधारण तेवढ्याच जाडीचा मेट्रिक बोल्ट दोन-तीन फेरे आत जातो, मग अडतो, आणि जोर लावला की जुन्या नटचे आटे कायमचे जातात. थोनेट कंपनीची 14 नंबरची खुर्ची घ्या, 1859 सालची रचना. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू आणि दोन नट, एवढ्यावर ती उभी राहते. सुटी करून पेटीत भरून पाठवता यावी म्हणूनच ती तशी घडवली होती. त्या स्क्रूंपैकी एखादा गेला की खुर्ची डुगडुगते, आणि तशीच वापरत राहिलं की बाकीच्या स्क्रूंची भोकंही सैल होतात. कुणी म्हणेल, एका स्क्रूचं काय एवढं? एवढंच.

टेप घेताय तर घरची मापंही कागदावर लिहून घ्या. दाराची मोकळी रुंदी मोजायची ती दार पूर्ण उघडून, कारण पल्ल्याची जाडी वाटेत येते. जिन्याच्या वळणाची जागा, लिफ्टचं दार, लिफ्टची आतली उंची. छताची उंचीही मोजा, ती बहुतेक जण सोडतात. 200 सेंमी उंच आणि 60 सेंमी खोल कपाट आडवं आत आणलं तर उभं करताना त्याचा कर्ण जवळजवळ 209 सेंमी होतो. छत 205 वर असेल तर कपाट खोलीत येईल, पण उभं राहणार नाही. जेवणाच्या टेबलासाठी खुर्चीची बैठक आणि टेबलाचा पृष्ठभाग यांत 27 ते 30 सेंमी अंतर लागतं. जुन्या टेबल-खुर्च्या वेगवेगळ्या ठिकाणांहून घेतल्या तर हे हमखास चुकतं. पलंग घेणार असाल तर गादीचं माप सोबत ठेवा, कारण जुन्या पलंगांची रुंदी आजच्या गाद्यांना जुळेलच असं नाही.

याशिवाय पिशवीत लोहचुंबक, सरळ आणि फुलीचा असे दोन पेचकस, हातमोजे, काळा कागद, दोन जुनी ब्लँकेटं आणि पुरेशी दोरी. आणि त्या छोट्या पिशव्या. घेतल्या का? पुन्हा बघा.

बाजारात लवकर गेलात तर निवड मिळते, उशिरा गेलात तर भाव. दोन्ही एकदम मिळत नाही. काहीही असो, वस्तू दिवसाच्या उजेडात बघा. मंडपाखालच्या पिवळ्या दिव्यात सगळीच पॉलिशं सारखी दिसतात.

समोरची बाजू सगळ्यात शेवटी बघायची. आधी पाठ, मग तळ, मग खणांच्या आत. खण पूर्ण बाहेर काढा आणि कोपऱ्यातले सांधे बघा. हाताने कापलेल्या डव्हटेल सांध्यात (पसरट दात एकमेकांत अडकवलेला सांधा) दात थोडे कमी-जास्त रुंदीचे असतात आणि बाजूला आखणीची बारीक रेघ राहिलेली असते. सगळे दात अगदी सारखे असतील तर काम यंत्राचं. हातकरवतीच्या खुणा सरळ असतात, गोल करवतीच्या कमानीसारख्या वळलेल्या. फुलीच्या खाचेचे फिलिप्स स्क्रू 1930 च्या दशकात आले, त्यामुळे ‘दीडशे वर्षं जुनं’ म्हणून दाखवलेल्या कपाटात ते दिसले तर थांबा. मात्र एका खुणेवरून निकाल लावू नका, दुरुस्तीत स्क्रू बदललेले असू शकतात. शेजारच्या लाकडात जुन्या स्क्रूंची भोकं आहेत का, ते बघितलं की कळतं. गोल टेबलाचा पृष्ठभाग दोन दिशांनी मोजा. लाकूड रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. त्यामुळे अखंड लाकडाचं खरोखर जुनं गोल टेबल किंचित लंबगोल निघतं.

कीड. इथे घाई करायची नाही. सामान्य लाकूडकिड्याची बाहेर पडण्याची भोकं 1 ते 2 मिमीची असतात. भोकं जुनी असतील तर कडा काळवंडलेल्या, आत धूळ आणि पॉलिश भरलेलं. कडा धारदार आणि आतलं लाकूड फिकट दिसलं तर किडा बहुधा अजून जिवंत आहे. खाली काळा कागद धरून पायावर हाताने ठोका. पिठासारखी फिकट भुकटी पडली तर ती वस्तू घरातल्या इतर लाकडाशेजारी नेऊ नका. भुकटी पडली नाही म्हणून कीड नाहीच असंही समजू नका. पायांच्या तळाशी पेचकसाचं टोक दाबून बघा, ओल तिथूनच चढते. ठोकल्यावर लाकूड पोकळ वाजलं आणि आत मातीचे पापुद्रे दिसले तर ती वाळवी. वाळवी दिसली की परत फिरायचं, कोरीव काम कितीही सुंदर असो. गादी शिवलेल्या खुर्च्या-सोफ्यांच्या शिवणी टॉर्चने बघा. काळे ठिपके म्हणजे ढेकूण. कापड आणि काथ्या पूर्ण काढून टाकण्याची तयारी नसेल तर अशी वस्तू घेऊच नये.

विनियर, म्हणजे वरून चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, बोटांच्या पेरांनी वाजवून बघा; सुटलेल्या जागी आवाज बदलतो. सुटलेलं विनियर ही मोठी भीती नव्हे, जुना प्राणिज सरस ऊब आणि ओलाव्याने मऊ होतो आणि बरेचदा पुन्हा बसवता येतो. गळून पडलेला तुकडा मात्र शोधा. खणात, तळाशी, विक्रेत्याच्या डब्यात. सापडला तर तोही सुटा भागच, पिशवीत घाला.

पितळ म्हणून सांगितलेल्या मुठींना लोहचुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड. चिकटलं नाही म्हणून पितळच असं नाही, जस्ताच्या मिश्रधातूलाही चुंबक चिकटत नाही. मुठीच्या मागे खरवडलेल्या जागी रंग पिवळा की राखाडी ते बघा. आरशांवर चांदीचा थर चढवण्याची युस्टुस फॉन लीबिगची पद्धत 1835 ची. त्याआधीच्या आणि नंतरही काही काळ बनलेल्या आरशांमागे कथील आणि पारा असायचा, म्हणून जुन्या आरशाची पाठ खरवडू नका. रंगवलेल्या जुन्या वस्तूंमध्ये शिसं असू शकतं. अमेरिकेने घरगुती रंगातल्या शिशावर बंदी घातली ती 1978 मध्ये, यावरून अंदाज करा. असा रंग कोरडा घासायचा नाही, लहान मुलं असलेल्या घरात तर अजिबात नाही. अंधारात चमकणाऱ्या काट्यांच्या जुन्या घड्याळात रेडियम असण्याची शक्यता असते. चमक गेली तरी रेडियम जात नाही, त्याचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं. काच उघडू नका. एका देशातून दुसऱ्या देशात वस्तू नेणार असाल तर शिसवी आणि रोजवुडबद्दल आधी चौकशी करा: 2017 च्या जानेवारीपासून डाल्बर्जिया वंशाची (शिसवी, रोजवुड त्यातलेच) सगळी झाडं साइट्स या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. हस्तिदंत तर नकोच.

आता मुख्य काम. वस्तू पसंत पडली की तिच्या प्रकाराप्रमाणे सुटे भाग मोजा. दुकानदार सांगतो म्हणून नाही, स्वतः बोट ठेवून.

पलंग असेल तर प्रत्येक सांध्याचा बोल्ट, नट आणि वॉशर, बोल्टची भोकं झाकणाऱ्या चकत्या आणि आडव्या फळ्या. जुन्या सुतारांनी सांध्यांवर छिन्नीने रोमन आकडे कोरलेले असतात, एका भागावर II तर त्याला जोडायच्या भागावरही II. जुळत नसतील तर दोन पलंग एकत्र करून विकले जात आहेत. शक्य असेल तर तिथेच एक कोपरा जोडून बघा. बोल्ट हाताने सहज फिरायला हवा.

वाढवता येणाऱ्या टेबलाच्या जोडफळ्या मोजा आणि बसवून बघा, कारण त्यांच्या खुंट्या त्याच टेबलाच्या भोकांशी जुळवलेल्या असतात. फिरवून उघडणाऱ्या टेबलाला वेगळा दांडा लागतो. तोच बहुतेकदा नसतो, आणि त्याशिवाय टेबल उघडतच नाही.

कपाटाला किल्ली, फळ्या आणि फळ्यांच्या खुंट्या. आजच्या खुंट्या बहुतेक 5 मिमीच्या मिळतात, जुन्या कपाटातली भोकं त्या मापाची असतीलच असं नाही. किल्ली फिरवून बघा, नुसती लटकलेली आहे म्हणजे त्याच कुलपाची असं समजू नका. खटक्याचं कुलूप असेल तर किल्ली हातात असल्याशिवाय दार बंद करू नका. मुठी बदलायची वेळ आली तर दोन भोकांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजून घ्या. पायांची चाकं मोजा. चारपैकी एक वेगळं असेल तर चारही बदलावी लागतील.

भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक, चावी आणि असतील तर वजनं. लंबक काढूनच न्यायचा, नाहीतर तो ज्या पातळ पट्टीवर लटकतो ती वाटेत मुडपते. दिव्याची काच, काच धरणारी कडी, वरचं बोंड. दिवा तिथे प्लगला लावून बघण्याचा मोह टाळा. कापडी वेष्टनाची जुनी वायर वाकवली की आतलं रबर तडकतं. वायर आणि होल्डर बदलायचा खर्च धरूनच भाव करा. शिवणयंत्राच्या टेबलाला चामड्याचा पट्टा नसला तर चालेल, तो नवा मिळतो. लांबट धोटा नसला तर मात्र नको, तो यंत्राच्या प्रकाराप्रमाणे बदलतो.

मोजलं की यादी लिहा आणि सगळे भाग एकत्र ठेवून फोटो काढा.

घासाघीस यानंतर. भाव ठरवण्याआधी विचारायचं, ‘बोल्ट कुठे आहेत? किल्ली कुठे आहे?’ पैसे हातात पडायच्या आधी विक्रेता डबे उपसतो, नंतर नाही. ‘घरी आहेत, पुढच्या वेळी देतो’ याचा अर्थ नाहीत, असाच धरा आणि भाव त्या हिशोबाने सांगा. दोष मोठ्याने मोजून दाखवत वस्तूला नावं ठेवू नका. एक-दोन खरे दोष, दुरुस्तीचा खर्च, आपला आकडा, आणि गप्प बसा.

पैसे दिले की वस्तू नजरेआड करू नका. टेम्पो आणायला जाताय? सुटे भाग आधी पिशवीत, पिशवीवर मार्करने वस्तूचं नाव आणि संख्या, ‘पलंग, बोल्ट 8, नट 8’, आणि पिशवी स्वतःच्या खांद्यावरच्या झोळीत. खणात ठेवायची नाही, चढवताना खण निसटतात. फर्निचरला चिकटवायची नाही, चिकटपट्टी पॉलिश उचलते. टेम्पोवाल्याकडे द्यायची नाही. सोडवलेला प्रत्येक सांधा सोडवण्याआधी त्याचा फोटो काढा आणि दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टीवर एकच आकडा लिहा, पण पॉलिश नसलेल्या आतल्या भागावर.

चढवताना संगमरवर आणि काच उभी, आडवी कधीच नाही. आपल्याच वजनाने मध्ये तडकते. 100 बाय 50 सेंमीचा 2 सेंमी जाड संगमरवर सुमारे 27 किलो भरतो, एकट्याने उचलू नका. खण काढून वेगळे न्या, दारं दोरीने बांधा, दोरीखाली ब्लँकेट. उचलताना टेबल चौकटीला धरा, पृष्ठभागाला नाही. खुर्ची बैठकीखालून.

निघण्याआधी पिशवीतले भाग यादीशी ताडून बघा. बाजार उठला की डबे ज्याचे त्याच्या घरी जातात.

घरी पोचल्यावर वस्तू काही दिवस वेगळी ठेवा, खाली काळा कागद. ओल्या फडक्याने पुसू नका, लाखेच्या पॉलिशवर पांढरे डाग पडतात. कोरडं फडकं पुरे. उशा, लहान गाद्या उणे 18 अंशात चार दिवस, ढेकणांसाठी. लाकडी वस्तू उन्हात ठेवू नका, विनियर सुटतं. जोडणी करताना सगळे बोल्ट आधी हाताने अर्धे फिरवा, सगळे बसल्यावरच आवळा. आणि सगळं जोडून झाल्यावर पिशवीत काही उरलं असेल तर फोटो बघा, एखादी जागा रिकामी राहिली आहे.