वरिष्ठांच्या कोचिंगमध्ये या चुका टाळा

मोठ्या पदावरच्या माणसाचं कोचिंग बिघडतं ते बहुतेक पहिल्याच महिन्यात. सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे थ्री-सिक्स्टी फीडबॅकचा, म्हणजे बॉस, बरोबरीचे आणि हाताखालचे अशा गटांनी नाव न घालता दिलेल्या मतांचा, रिपोर्ट त्याला थेट मेलवर धाडणं.

चाकणच्या एखाद्या कारखान्यातला प्लांट हेड घ्या. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट येतो. आकड्यांवरून नजर फिरवून तो शेवटच्या पानावरचे शेरे गाठतो. ‘साहेबांचं आधीच ठरलेलं असतं, विचारतात नावाला.’ हे लिहिलं कोणी? ‘नावाला’ हा शब्द मेंटेनन्सवाल्याच्या तोंडी कायम असतो. झालं. सोमवारच्या रिव्ह्यूत साहेब त्याच्याशी तुटक बोलतात आणि टीमला काय ते कळतं. पुढच्या फेरीत सगळे पाचपैकी पाच देऊन मोकळे होतात.

क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी १९९६ मध्ये फीडबॅकवरच्या आधीच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला, तेव्हा एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी फीडबॅकनंतर कामगिरी उलट घसरलेली दिसली. लक्ष कामावरून निघून ‘माझ्याबद्दल काय म्हणतात’ यावर गेलं की घसरण होते, असं त्यांचं म्हणणं. प्लांट हेडचं नेमकं तेच झालं.

म्हणून रिपोर्ट कोचने समोर बसूनच द्यावा, दोन तास हातात ठेवून. एखाद्या गटातून तिनापेक्षा कमी उत्तरं आली तर तो गट वेगळा दाखवू नये. बॉस एकच असतो, त्याचं मत लपत नाही. हे त्या बॉसला आधीच सांगावं. शेरे जसेच्या तसे छापण्यापेक्षा कोचने आठ-दहा जणांशी अर्धा-अर्धा तास बोलून मुद्दे आपल्या शब्दांत मांडलेले कधीही बरे. वेळ जातो, पण इथे घाई करणाऱ्यांनीच माणसं दुखावली आहेत. मग आठवड्याभरात साहेबांनी त्या प्रत्येकाला भेटून आभार मानावेत, आपण कोणती एक सवय बदलणार ते सांगावं आणि पुढे काय करू, एवढंच विचारावं. खुलासा द्यायचा नाही.

दुसरी चूक ध्येयाची. ‘एक्झिक्युटिव्ह प्रेझेन्स (वरिष्ठाला शोभणारा वावर) वाढवणे’ असं लिहिलं की सहा महिन्यांनी वाढला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. त्याऐवजी असं लिहा: सोमवारच्या रिव्ह्यूत पहिली दहा मिनिटं फक्त प्रश्न विचारायचे, आपलं मत शेवटी. मीटिंगमधल्या एकाने वहीत खुणा करायच्या, महिनाअखेर मोजायच्या.

सेशनमधलं बोलणं एचआरला ‘जरा अंदाज’ म्हणून सांगणारा कोच, पहिली गोष्ट बाहेर फुटली की संपतो. कोच, साहेब, त्यांचा बॉस आणि एचआर यांनी पहिल्या सेशनआधी एकत्र बसून ठरवावं: बाहेर जाणार ते फक्त ध्येय आणि हजेरी. प्रगती साहेब स्वतः सांगतील.

ज्याला काढायचं ठरलंच आहे त्याला कोच देऊ नका. तो अन्याय आहे.

दोन दिवसांच्या शिबिराला कोचिंग म्हणू नका. दोन-तीन आठवड्यांनी दीड तास, असे सहा ते नऊ महिने लागतात.

कोच निवडताना तास विचारा. आयसीएफ ही कोचना प्रमाणपत्र देणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या पीसीसी या वरच्या प्रमाणपत्राला कोचिंगचा किमान ५०० तासांचा अनुभव लागतो, एसीसी या सुरुवातीच्या प्रमाणपत्राला १००. आणि होकार देण्याआधी साहेबांना निदान दोन कोचना भेटू द्या. एचआरने परस्पर ठरवलेल्या कोचसमोर माणूस तिसऱ्या सेशनपर्यंत फक्त टार्गेटबद्दल बोलत राहतो.