पिकअपवर कॅनोपी बसवताना आधी वजन बघा

कॅनोपी (पिकअपच्या मागच्या हौद्यावर बसणारं बंद आवरण) किंवा अवजारांच्या कप्प्यांची सर्व्हिस बॉडी निवडताना नजर आधी रंगावर आणि कुलपांवर जाते. त्याआधी वजनाचा हिशोब करा. गाडीच्या कमाल मान्य वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरेल त्यातच बॉडी, माल आणि माणसं बसवायची असतात. समजा १,००० किलो उरले आणि बॉडीच २५० किलोची निघाली, तर बाकी सगळ्याला ७५० किलोच राहिले. माणसांचं वजन धरायला तर बहुतेक जण विसरतात.

अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, त्यामुळे वजन बरंच वाचतं. मात्र ते पोलादाला थेट टेकलं आणि ओल लागली की गंजून पांढरी भुकटी धरतं. सांध्यात रबर किंवा नायलॉनची चकती आहे ना, ते वाकून बघा.

पाण्याची टाकी, जनरेटर असलं जड सामान केबिनला लागून ठेवता येईल अशीच रचना घ्या. ते मागच्या चाकांच्या मागे गेलं, तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंगची पकड कमी होते.

सील तपासायला माझा भरवसा कागदाच्या पट्टीवर. दारात पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सुटली तर तिथून धूळ शिरणारच. कोपरे आणि बिजागरीची बाजू सोडू नका.

छतावर कॅरियर लावणार असाल तर चालत्या गाडीची भारक्षमता विचारा; उभ्या गाडीचा आकडा मोठा असतो.