एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनाला निघालात? या चुका टाळा

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. तिथे दोन प्रकारची माणसं येतात: फुलं बघायला आलेली आणि २६ जानेवारीची सुट्टी घालवायला आलेली. झेंडावंदन, नाश्ता आटोपून अकराला सहकुटुंब निघालात, तर तुमची गणना दुसऱ्यांत. गाडी लावायला जागा नाही, तिकिटाला रांग, आणि मांडवात गुलाबांऐवजी लोकांच्या पाठी बघायच्या. सुट्टीचा दिवस सोडून जा, आणि सकाळी गेट उघडताना जा. शेवटच्या दिवशी रोपं थोडी स्वस्त मिळतात हे खरं, पण स्पर्धेतल्या बाटल्यांमधल्या गुलाबांनी तोवर माना टाकलेल्या असतात.

दुसरी चूक म्हणजे आल्या आल्या खरेदी. बाग तब्बल ३९ एकरांची. दोन्ही हातांत पिशव्या लटकल्या, की बोन्साय आणि पुष्परचना बघायचं त्राणच उरत नाही. बागेतला गारंबीचा अवाढव्य वेल तर बाजूलाच राहतो. खरं तर पोरांना आधी तोच दाखवा. सेल्फीच्या कमानी नंतरही सापडतात.

फोटो काढताना फुलाबरोबर नावाच्या पाटीचाही काढा. नाहीतर स्टॉलवर ‘तो नाही का, पिवळा, कडेला जरा लालसर’ असं वर्णन करत बसाल, आणि विक्रेता हातात येईल तो पिवळा गुलाब देऊन मोकळा होईल.

आता खरेदी. सगळ्यात जास्त फुललेलं रोप उचलायचा मोह होतोच. पण ते आपला बहर तिथेच, मांडवात, उधळून बसलेलं असतं. कळ्या असलेलं, बुंध्याशी जाड आणि खालून नवे फुटवे येणारं रोप घ्या. पान उलटून बघा: पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, आणि तो तुमच्या जास्वंदीपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. पिटुनिया, पॅन्झी, डायन्थस ही थंडीची हंगामी फुलं. ती एप्रिलमध्ये वाळली म्हणून स्वतःला दोष देऊ नका. त्यांचं आयुष्यच तेवढं. बियाणं घेतानाही त्यांच्या पाकिटांवर भाळू नका. आता पुढे उन्हाळा आहे, तेव्हा झिनिया, कॉसमॉस किंवा ऑफिस टाइम (म्हणजे चिनी गुलाब) घ्या. मोगऱ्याचं रोप मात्र याच वेळी आणावं, मार्चपासून फुलायला लागतं.

रोप स्कूटरवर उघडं आणू नका. वाऱ्याने पानं अर्ध्या वाटेतच सुकतात. वरून वर्तमानपत्राची सैलसर गुंडाळी करा.

घरी आल्यावरचा घोळ मी स्वतः घातलाय. एका स्टॉलवरून गुलाब आणला, त्याच संध्याकाळी पिशवी फाडून कुंडीत बसवला, वर मूठभर खत. रोज पाणी घालत होतो, तरी तीन आठवड्यांत काड्या काळ्या. उपटून बघितलं तर मुळांभोवतीचा लाल मातीचा गोळा विटेसारखा, आणि आतून कोरडा ठणठणीत! पाणी कडेकडेने कुंडीच्या भोकातून निघून जात होतं. तेव्हापासून रोप आठवडाभर पिशवीतच, सावलीत ठेवतो. लावायच्या दिवशी पिशवीसकट बादलीत बुडवायचं, बुडबुडे थांबले की बाहेर काढायचं आणि कडेची माती बोटांनी हलकेच मोकळी करायची. खत नवी पालवी दिसल्यावर. कोकोपीटमधल्या, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्यातल्या, रोपाचं दुखणं उलटं: वर कोरडं दिसतं, आत चिखल. बोट खुपसून बघितल्याशिवाय पाणी घालू नका.

नवीन गुलाबाची चार-दोन पानं पिवळी पडून गळली तर घाबरू नका. काडी नखाने खरवडा, हिरवी असेल तर जीव आहे. आमच्या शेजारच्या काकूंची तक्रार मात्र वेगळी होती. गुलाब पुरुषभर वाढला, फूल एक नाही. बघितलं तर डोळा भरलेल्या, म्हणजे कलम जोडलेल्या, जागेच्या खालून जंगली फुटवा आलेला, पानाला पाचाऐवजी सात पर्णिका (छोटी पानं), आणि मूळचं कलम त्याच्या सावलीत मेलेलं. असा फुटवा दिसला की लगेच काढायचा, पण कात्रीने वरवर नाही, कापला की तो पुन्हा येतो. माती उकरून, निघतो तिथूनच, खाली ओढून.