चाकाचा स्टड तुटला किंवा आटे गेले, तर घरी कसा बदलायचा

चाकाचा स्टड म्हणजे हबमधून (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागातून) बाहेर आलेला, चाकाचा नट ज्यावर चढतो तो आट्यांचा दांडा. तो आपणहून क्वचितच तुटतो. बहुतेक वेळा आधीच्या पंक्चरच्या वेळीच तो मेलेला असतो. नट हातानं दोन-चार फेरे न चढवता थेट गनला, म्हणजे नट आवळायच्या यंत्राला, लावला की तो तिरका धरतो आणि आटे कातरतो. त्यावर गन तशीच दाबून धरली की स्टड ताणला जातो. त्यात बेळगावजवळच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यातला पाऊस. तांबडी माती आट्यांत बसते, गंज चढतो आणि पुढच्या खेपेला नट सोडवताना स्टड मुळातून तुटून पान्याबरोबर हातात येतो.

आधी तुमच्या गाडीला स्टड आहेत का ते बघा. नट काढल्यावर हबमधून आटे असलेले दांडे बाहेर आलेले दिसले, तर ते स्टड. स्कोडा, फोक्सवॅगनसारख्या गाड्यांत बोल्ट थेट हबमध्ये फिरतात. तिथे नुसता बोल्ट बदलायचा, पुढचं काही लागू नाही.

तोंडाशी आटे थोडे चेपले असतील तर योग्य मापाची डाय (आटे कातायचं हत्यार) फिरवून काम भागतं. पण आटे दिसायला चांगले आणि नवा नट मात्र मध्येच अडकतो, असं असेल तर स्टड ताणलेला आहे. तो काढाच. चार स्टडच्या गाडीत एक तुटला असेल तर शेजारचे दोन्ही बदला, कारण त्याचा भार तेच झेलत होते. एकाच चाकाचे दोन तुटले असतील तर चारही बदला. एक स्टड कमी असताना हळू गॅरेजपर्यंत जाता येईल, पण चोर्ला किंवा आंबोली घाटात तशी गाडी घालू नका.

सामान आणण्याआधी माप नक्की करा. मारुतीच्या बहुतेक गाड्यांत आटे १२ × १.२५ (म्हणजे जाडी १२ मि.मी., दोन आट्यांतलं अंतर १.२५ मि.मी.), तर ह्युंदाई, होंडा, टोयोटात बहुधा १२ × १.५. डोळ्यांना फरक कळत नाही, म्हणून पट्टी लावून १५ मि.मी.त आटे मोजा: १२ भरले तर १.२५, १० भरले तर १.५. चुकीचा नट दोन-तीन फेरे चढतो आणि मग अडकतो. तिथे जोर लावला की नवा स्टडही गेला. पण आट्यांचं माप पुरेसं नाही. डोक्याखालच्या दातेरी भागाचा व्यास आणि एकूण लांबीही जुळली पाहिजे, म्हणून जुना स्टड खिशात घालूनच दुकानात जा. लेथवर साधा बोल्ट कातून घेणं किंवा तुटलेल्या स्टडला वेल्डिंग मारणं, दोन्ही नको. स्टडचं पोलाद तापवून कडक केलेलं असतं, वेल्डिंगच्या उष्णतेनं ते बिघडतं.

हत्यारं: जॅक, जॅक स्टँड म्हणजे घोडी, चाकाचा पाना, कॅलिपरच्या (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाच्या) बोल्टांना लागणारे पाने, गंज सोडवणारं तेल, तारेचा ब्रश, स्टड दाबून काढायचा सी-क्लॅम्प प्रेस, टॉर्क रेंच म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना. बसवायला १४ मि.मी. भोकाचे पाच-सहा जाड वायसर, थोडं ग्रीस आणि दोन्ही तोंडं उघडी असलेला एक जुना नट. टोपीचा बंद नट चालत नाही, तो स्टडच्या टोकाला टेकून थांबतो.

गाडी सपाट, टणक जागी लावा. ओल्या मातीच्या अंगणात जॅक रुततो, तिथे हे काम काढू नका. पुढचं चाक करायचं असेल तर हँडब्रेक ओढा, मागचं असेल तर सोडा आणि पुढच्या चाकांना दोन्हीकडून अटकण लावा. नट जमिनीवरच अर्धा फेरा सैल करा, मग गाडी उचला, घोडीवर टेकवा, चाक काढा.

नटाबरोबर स्टडच फिरत असेल तर काम वाढतं. चाकामागून पहार घालून चाक बाहेर रेटत ठेवा आणि त्याच वेळी नट फिरवा; स्टडचे दाते ओढले जाऊन पुन्हा धरतात आणि बऱ्याचदा नट निघतो. नाहीच निघाला तर नट फोडायचं हत्यार किंवा ड्रिल. गॅस कटर मात्र नको, टायर आणि बेअरिंग दोन्ही जवळच असतात.

पुढच्या चाकाला ब्रेकची डिस्क असते. कॅलिपर त्याच्या ब्रॅकेटसकट मागच्या दोन बोल्टांवर निघतो. तो तारेनं स्प्रिंगला टांगा, ब्रेकच्या होजवर लोंबू देऊ नका. कॅलिपर खाली असताना कोणालाही ब्रेक दाबू देऊ नका, पिस्टन बाहेर येतो. हे घरातल्या पोरांना आधीच सांगून ठेवा. डिस्क गंजून बसली असेल तर तिच्यातली आट्यांची दोन भोकं बघा. त्यांत बोल्ट सारखे आवळत गेलं की डिस्क सुटते.

आता हब फिरवत तुटक्या स्टडचं डोकं मागच्या मोकळ्या जागेसमोर आणा. काही गाड्यांत अशी जागाच नसते. मग हब उतरवावा लागतो आणि त्याबरोबर बेअरिंगही. तेव्हा हट्ट न करता बेळगावच्या उद्यमबागेतल्या हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे न्या. मागच्या चाकाला ब्रेकचा ड्रम असेल तर आधी बघा: कित्येक छोट्या गाड्यांत ड्रम आणि हब एकच असतो, मधला मोठा नट काढून अख्खा ड्रम बाकावर आणता येतो. हा नट परत लावताना नवाच घ्या.

स्टड काढताना हातोड्याचा मोह होतो. हब गाडीवर असताना घण मारला की धक्का बेअरिंगच्या गोळ्यांना बसतो आणि ते रेसवर, म्हणजे ज्या कड्यात फिरतात त्यावर, खळगे पाडतात. स्टड निघतो, पण पुढे वेगात घूंऽऽ असा आवाज सुरू होतो. म्हणून आधी तेल टाका, मग प्रेसनं सरळ दाबा. हबच्या मागे एबीएसचा (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर असेल तर त्याची तार जपा.

भोक ब्रशनं साफ करा. नवा स्टड मागून घाला, जमेल तिथे त्याचे दाते जुन्या खाचांत जुळवा. बाहेरून वायसर चढवा, वायसरांच्या मध्ये ग्रीस लावा, वर जुना नट सपाट बाजू आत करून लावा आणि हाताच्या पान्यानं सावकाश आवळा. हब फिरू नये म्हणून शेजारच्या दोन स्टडना नट लावून त्यांच्यामध्ये दांडा अडकवा. जोर हळूहळू वाढत जातो आणि डोकं टेकलं की एकदम घट्ट होतं, तिथे थांबा. मागे ब्लेडचं पातं सरकवून बघा: डोकं आणि हब यांच्यामध्ये ते गेलं, तर स्टड अर्धवटच बसलाय. असा स्टड गाडी चालल्यावर आत ओढला जातो आणि नट ढिला पडतो. नवा स्टड बोटानंच भोकात फिरत असेल तर भोक मोठं झालंय. हब बदला, वेल्डिंग, एम-सील असले उद्योग करू नका.

जोडताना हबची चाक टेकतं ती बाजू घासून घ्या, गंजाच्या पापुद्र्यावर चाक वाकडं बसतं. कॅलिपर लावल्यावर ब्रेक पेडल कडक होईपर्यंत दाबा. चाकाचे नट हातानं चढवा, निदान आठ-दहा फेरे मिळाले पाहिजेत. जाड अलॉयमुळे कमी मिळत असतील तर लांब स्टड लागतील. नटाची बैठकही, म्हणजे चाकाला टेकणारी बाजू, चाकाला जुळू द्या: होंडाच्या मूळ चाकांना गोल बैठकीचा नट लागतो, निमुळता लावला तर तो नीट धरत नाही. आट्यांना तेल-ग्रीस नको, तेवढ्याच टॉर्कला स्टड जास्त ताणला जातो.

आवळणी समोरासमोर, दोन खेपांत: आधी निम्मी, मग पूर्ण. बहुतेक टोयोटांत १०३ न्यूटन-मीटर, होंडांत १०८. मारुतीचा आकडा मॉडेलप्रमाणे पुस्तिकेत बघा. टॉर्क रेंच नसेल तर अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकावर साधारण २० किलोचा जोर म्हणजे जवळपास १०० न्यूटन-मीटर. ३० सेंटिमीटरच्या पान्यावर ७० किलोचा माणूस उभा राहिला तर २०० च्या वर जातं, म्हणजे जवळपास दुप्पट, आणि रस्त्याकडेला पंक्चर काढताना नेमकं हेच केलं जातं.

५० ते १०० कि.मी. चालल्यावर, चाक थंड असताना, सगळे नट पुन्हा तपासा. एखादा पाव फेरा घेईल तर ठीक. तोच नट दुसऱ्यांदाही फिरला, तर डिस्क काढून त्या स्टडच्या डोक्यामागे परत पातं घालून बघा.