जुन्या प्रियसची मोठी बॅटरी बदलण्याआधी

डॅशबोर्डवर लाल त्रिकोण पेटला आणि स्कॅनरवर पी०ए८० हा कोड आला, की गॅरेजवाला सहसा एका वाक्यात विषय संपवतो: हायब्रिड बॅटरी गेली, नवी टाका. कधी कधी ते खरंही असतं. पण तिसऱ्या पिढीच्या टोयोटा प्रियसमध्ये, म्हणजे २००९ ते २०१५ दरम्यान बनलेल्या गाडीत, हा कोड एवढंच सांगतो की बॅटरीच्या गटांमधल्या व्होल्टेजचा फरक मर्यादेबाहेर गेला आहे. तो फरक आतले सेल मेल्यामुळे पडतो, बॅटरी गार करणारा पंखा तुंबून ती तापल्यामुळे पडतो, नाहीतर बॅटरीचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवट गंज चढल्यामुळेही पडतो. यातली शेवटची दोन कारणं घरी, एका सुट्टीच्या दिवसात निस्तरता येतात. भारतात ही गाडी २०१० पासून थेट आयात होऊन विकली गेली, त्यामुळे इथे भाग मिळायला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात. म्हणून तपासणी आधी, खरेदी नंतर.

सुरुवात डिकीच्या उजव्या कोपऱ्यातल्या १२ व्होल्टच्या लहान बॅटरीपासून करा. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही. इंजिन फिरवतो तो मोटर-जनरेटर आणि त्याला वीज देते मोठी, म्हणजे हायब्रिड बॅटरी. लहान बॅटरीचं काम फक्त संगणक आणि रिले जागे करण्याचं. ती अशक्त झाली की इंजिन नेहमीच्या गाडीसारखं कुथत नाही, त्याऐवजी एकमेकांशी संबंध नसलेले दिवे पेटतात आणि माणूस भलत्याच ठिकाणी शोधत बसतो. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२.२ च्या खाली असेल तर चार्ज करून पुन्हा मोजा. गाडी ‘रेडी’, म्हणजे चालायला तयार, केल्यावर साधारण १४ व्होल्ट दिसले पाहिजेत. बदलायची वेळ आली तर ती एजीएम (आम्ल काचेच्या तंतूंत शोषून ठेवणाऱ्या) प्रकारचीच हवी आणि वायू बाहेर नेणारी बारीक नळी पुन्हा जोडायलाच हवी, कारण ही बॅटरी प्रवाशांच्याच हवेत बसलेली असते.

ती पूर्ण उतरली तर डिकीही उघडत नाही, कारण तिचं कुलूप विजेवर चालतं. बॉनेटखालच्या फ्यूजपेटीत लाल झाकणाखाली अधिक ध्रुव आहे, तिथे बाहेरून १२ व्होल्ट द्या. ऋण वायर इंजिनच्या उघड्या धातूला लावा. ध्रुव उलटे लागले तर नुकसान एका फ्यूजवर भागेलच असं नाही. आणि प्रियसवरून दुसऱ्याची बंद गाडी सुरू करून द्यायच्या फंदात पडू नका.

पुढचं साधन म्हणजे गाडीच्या संगणकाचे आकडे मोबाइलला पाठवणारा ब्लूटूथवाला ओबीडी अडॅप्टर आणि मोबाइलवर डॉ. प्रियससारखं अ‍ॅप. मोठ्या बॅटरीत ७.२ व्होल्टचे २८ मॉड्यूल, म्हणजे सहा-सहा सेलचे डबे, एकामागोमाग जोडलेले असतात, एकूण २०१.६ व्होल्ट. संगणक त्यांना जोडीजोडीने, १४ गटांत मोजतो. उभ्या गाडीत सगळे गट जवळपास सारखेच दिसतात, त्यावर विश्वास ठेवू नका. चढावर जोर देताना आणि लांब उतारावर चार्ज होताना आकडे बघा. एखादा गट जोर दिल्यावर इतरांपेक्षा व्होल्टभर खाली जात असेल आणि चार्ज होताना तोच सगळ्यांच्या वर उडत असेल, तर आतला सेल थकला आहे. फरक कधी इथे कधी तिथे दिसत असेल, खड्ड्यांतून जाताना आकडा उड्या मारत असेल, तर संशय पट्ट्यांवर आणि मोजणीच्या वायरींवर घ्या. तापमानाचे आकडेही पाहा. मधले मॉड्यूल सर्वांत जास्त तापतात आणि बहुधा तेच आधी जातात.

झाकण उघडण्याआधी

इथे घाई जिवावर बेतू शकते. १००० व्होल्टसाठी प्रमाणित क्लास ० रबरी हातमोजे, त्यावर चामडी मोजे, ६०० व्होल्टच्या वरचा मल्टिमीटर आणि मुठीपर्यंत इन्सुलेशन टेप गुंडाळलेली हत्यारं, एवढं नसेल तर पट्ट्यांचं काम करू नका. रबरी मोज्यात हवा भरून पिळून बघा. सुईएवढं भोकही चालत नाही. अंगठी, घड्याळ, साखळी काढून ठेवा.

१. गाडी ‘पी’मध्ये बंद करा. स्मार्ट चावी घरात, पाच-सहा मीटर लांब ठेवा.
२. लहान बॅटरीची ऋण वायर काढा. डिकी उघडीच ठेवा, नाहीतर आतून कुलूपबंद होईल.
३. डिकीतला केशरी सर्व्हिस प्लग मोजे घालून काढा आणि स्वतःच्या खिशात ठेवा.
४. दहा मिनिटं थांबा. मग काम करायच्या जागी व्होल्टेज मोजा.

प्लग काढल्यावर बॅटरी मेली असं समजू नका. तिचे फक्त दोन तुकडे होतात आणि मोठ्या तुकड्यात १०० व्होल्टपेक्षा जास्त दाब कायम असतो. स्कॅनरवर पी०एए६, म्हणजे इन्सुलेशन गळतीचा कोड असेल तर ही पेटी घरी उघडायचीच नाही. इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरसाठी बदलणारी पेटी, तीही कधीच नाही.

पंखा

मागच्या सीटच्या कडेला जाळी असते. बॅटरी तिथूनच केबिनमधली गार हवा ओढते. नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्यात पाठीमागची सीट रिकामी म्हणून तिथे गाठोडी रचणं म्हणजे बॅटरीचा गळा आवळणं. जाळीतून नुसता व्हॅक्यूम फिरवून वरची धूळ जाते, आतला थर तसाच राहतो. घरात कुत्रा-मांजर असेल तर पंखा काढल्याशिवाय उपयोग नाही.

जाळीमागच्या प्लास्टिक नळीचा माग घेत गेलं की डिकीच्या त्याच बाजूला, कडेच्या पॅनेलमागे पंखा सापडतो. प्लास्टिकच्या क्लिपा उन्हाने कडक झालेल्या असतात, त्यामुळे स्क्रूड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पट्टी वापरा. पंख्याला एक कनेक्टर आणि थोडेसे १० मिमीचे नट-बोल्ट असतात. आतलं चाक पिंजऱ्यासारखं असतं. त्याच्या प्रत्येक पात्याच्या खोबणीत राखाडी लोकर घट्ट बसलेली दिसते, आणि ती असते तोवर पंखा पूर्ण वेगात फिरूनही हवा फेकत नाही. रंग मारायचा मऊ ब्रश, व्हॅक्यूम, हवं तर दात घासायचा जुना ब्रश. पाणी नको. पंखा गाडीत असताना काँप्रेसरची हवा मारू नका, सगळी घाण बॅटरीत शिरते. नळ्या परत जोडताना सांधे नीट बसवा. एक सांधा जरी उघडा राहिला तर पंखा डिकीतली गरम हवा ओढत बसतो. नंतर अ‍ॅपमधून पंखा शेवटच्या, सहाव्या वेगावर चालवून हवा येते का बघा.

पट्ट्या

मुंबई आणि कोकणातल्या दमट हवेत राहिलेल्या गाडीत हे काम अटळ समजा. बॅटरीची पेटी बाहेर काढायला दोन माणसं लागतात, पाठ एकाचीच जाते. वरचं झाकण काढल्यावर आधी प्रत्येक बाजूचे स्वच्छ फोटो घ्या. मोजे घालून एकेक करून ८ मिमीचे नट सोडवा. पान्याची गोटी दोन टोकांना एकाच वेळी टेकली तर ठिणगी नाही, ज्वाळच निघते. म्हणून एका वेळी एकच बाजू उघडी, बाकीच्यावर कोरडं रबर किंवा जाड प्लास्टिक.

सुट्या पट्ट्या व्हिनेगरमध्ये चिमूटभर मीठ घालून पंधरा मिनिटं ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून धुवा आणि पूर्ण सुकवा. हिरवा रंग गेला तरी काळपट डाग उरतो, तो स्कॉचब्राइटने घासा. मोजणीच्या बारीक वायरींच्या टोकावरच्या चकत्या मात्र बुडवू नका, ओल वायरीत चढते आणि सहा महिन्यांत तीच वायर आतून तुटते. त्यांना ४०० नंबरचा पॉलिश पेपर पुरे.

याच वेळी प्रत्येक मॉड्यूलचं व्होल्टेज मोजून कागदावर क्रमाने लिहा. सगळे ७.८ च्या आसपास आणि एकच ६.५ दाखवत असेल तर त्याच्या सहा सेलपैकी एक मेला आहे. फुगलेलं किंवा पांढरी पावडर सुटलेलं मॉड्यूलही बाद.

नट कसताना ५.४ न्यूटन-मीटर, त्याहून जास्त नाही. हाताच्या अंदाजाने कसलं की मॉड्यूलचा बोल्ट मुळातून फिरतो आणि चांगलं मॉड्यूल भंगारात जातं. यासाठी लहान टॉर्क रेंच विकत घ्या, चाकाच्या नटांचा मोठा रेंच इतकं कमी मोजतच नाही. सर्व्हिस प्लग परत बसवताना हँडल शेवटच्या खाचेपर्यंत गेलं पाहिजे. नुसतं आत ढकलून सोडलं तर गाडी ‘रेडी’ होत नाही, आणि बिचारी बॅटरी पुन्हा दोषी ठरते.

एकच मॉड्यूल बदलावं का? आमचं मत: गाडी विकायची नसेल तर नाही. बाकीची सत्तावीस तितकीच म्हातारी असतात, काही महिन्यांत दुसरं जातं आणि प्रत्येक वेळी पेटी उतरवावी लागते. करायचंच असेल तर हॉबी चार्जरवर प्रत्येकाची क्षमता मोजा. नवं असताना ती ६.५ अँपिअर-तास असते. जवळपास सारख्या क्षमतेचेच एकत्र ठेवा. चार्ज करताना मॉड्यूल दोन फळ्यांमध्ये आवळून ठेवलेलं हवं, मोकळं सोडलं तर ते फुगतं.

बॅटरी निर्दोष निघाली तर

तिसऱ्या पिढीचं १.८ लिटरचं इंजिन बॅटरीइतकंच लक्ष मागतं. सकाळी पहिल्यांदा इंजिन सुरू होताना गाडी काही सेकंद हादरत असेल आणि गळती नसताना कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या डोक्याखालचं सील, जात असण्याची शक्यता मोठी. त्यामागे बऱ्याचदा काजळीने बुजलेला ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग) असतो. साधारण ८० हजार किलोमीटरला कूलर, झडप आणि इनटेक मॅनिफोल्डची चार बारीक भोकं साफ केली तर पुढचा मोठा खर्च टळण्याची शक्यता वाढते. मॅनिफोल्डचं काम सोपं आहे. कूलर इंजिनच्या मागच्या बाजूला अडचणीत बसतो, हात पोचत नाही. साफ झाल्यावर त्यात पाणी ओता, दुसऱ्या तोंडातून ते अडखळता न येता पडलं पाहिजे. गॅस्केट नवीच घाला.

इन्व्हर्टरचा कूलंट वेगळ्या टाकीत असतो. गाडी ‘रेडी’ असताना टाकीत डोकावा. कूलंट खळबळताना दिसलं तर पंप चालू आहे. गुलाबी टोयोटा कूलंटच भरा, नळाचं पाणी मिसळू नका. ट्रान्सॅक्सलमध्ये, म्हणजे या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये, टोयोटाचं डब्ल्यूएस तेल सुमारे ३.४ लिटर लागतं, भरायचा बोल्ट सुटतो का ते काढायच्या बोल्टच्या आधी बघा.

ब्रेक पॅड बदलताना लहान बॅटरी सुटलेलीच असू द्या. चालकाचं दार उघडलं की ब्रेकचा पंप आपोआप जागा होतो, आणि कॅलिपर उघडा असेल तर पिस्टन बाहेर येतो. या गाडीचे पॅड फारसे झिजत नाहीत, पण पावसाळ्यात कॅलिपरच्या पिना गंजून अडकतात. पिना काढून ग्रीस लावणं हेच खरं काम. ब्रेक ऑइलमधली हवा मात्र स्कॅनरशिवाय काढायला जाऊ नका.

सगळं जोडल्यावर कोड पुसा, तीस-चाळीस किलोमीटर चढउतारावर चालवा आणि गटांचे आकडे पुन्हा बघा. काचा एका झटक्यात वर जात नसतील तर बिघडल्या नाहीत. १२ व्होल्ट सुटल्यामुळे त्या जागा विसरल्या आहेत. काच पूर्ण वर नेऊन बटण दोन-तीन सेकंद ओढून धरा.